गोव्यात राहून गिनी-बिसाऊ देशाचा अभ्यास कसा करावा

जून महिना उजाडला होता आणि गोव्याची स्वतःची काजू बी संपत आली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. फोंडा तालुक्यातील एका काजू कारखान्याच्या पडवीत गोणपाटाच्या पोत्यांची थप्पी लागली होती आणि प्रत्येक पोत्यावर निळ्या शाईने काही परकी अक्षरे छापलेली होती. माझ्यासोबत आमच्या वाड्यावरचे एक आजोबा होते. लहानपणी मराठी शाळेसोबत ते पोर्तुगीज शाळेतही गेले होते, त्यामुळे ती अक्षरे त्यांनी सहज वाचली: ‘काश्तान्य द काजू, गिने-बिसाऊ’. काश्तान्य म्हणजे बी, एवढे त्यांनी सांगितले. पण हा गिने-बिसाऊ नेमका कुठे, हे ना त्यांना ठाऊक होते ना मला, आणि मी तर त्या वेळी आठवीच्या वर्गाला भूगोल शिकवीत होतो. त्या दिवशी लागलेली रुखरुख पुढे अनेक वर्षे टिकली आणि गावच्या वाचनालयात मुलांना घेऊन बसता बसता हा देश समजून घेण्याची एक रीत बसत गेली. शिक्षकांना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि केवळ जिज्ञासेपोटी वाचणाऱ्यांना ती उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहे.

रीतीचा गाभा एवढाच आहे की या देशाचा अभ्यास पाण्यापासून सुरू करावा आणि सरकारपर्यंत शेवटी पोहोचावे. बहुतेक पुस्तके व बातम्या याच्या उलट जातात. त्या लष्करी उठावांची यादी आधी देतात, आणि मग वाचणाऱ्याच्या मनात त्या देशाविषयी उठावांखेरीज काहीच उरत नाही. तेथील माणूस भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने जगतो, तांदूळ पिकवतो, काजू विकतो आणि पाच-सहा बोलींच्या शेजारात वाढतो. हे आधी कळले, म्हणजे तेथील राज्यकारभार का डळमळतो आणि तो डळमळूनही समाज का टिकतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होऊ लागतो.

आधी नाव पक्के करावे

जगाच्या नकाशावर ‘गिनी’ हे नाव अनेक ठिकाणी येते आणि मराठी वर्तमानपत्रांत त्यांची सरमिसळ वारंवार होते. कोनाक्री ही राजधानी असलेला गिनी हा फ्रेंचांची वसाहत राहिलेला देश आहे. विषुववृत्तीय गिनी हा स्पेनच्या ताब्यात होता. पापुआ न्यू गिनी तर थेट प्रशांत महासागरात आहे. आपल्याला हवा असलेला गिनी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता आणि शेजारच्या गिनीपासून वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्या नावाला राजधानी बिसाऊचे नाव जोडले गेले. आपल्याकडील सराफ ज्याला ‘गिनी सोने’ म्हणतात, त्यातील गिनी हे इंग्लंडचे जुने नाणे होय, आणि त्या नाण्याला हे नाव पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या सोन्यामुळे मिळाले. वहीच्या पहिल्या पानावर ही चारही नावे राजधान्यांसह लिहून ठेवावीत. पुढचा निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

नकाशा हाताने काढावा, आणि दोनदा काढावा

छापील नकाशा समोर ठेवून भागत नाही. पेन्सिलीने स्वतः काढलेला नकाशाच लक्षात राहतो. उत्तरेला सेनेगल, पूर्वेला व दक्षिणेला गिनी आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर अशी चौकट आधी आखून घ्यावी. देशाचे क्षेत्रफळ 36,125 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे 3,702 चौरस किलोमीटरच्या आपल्या गोव्याच्या जवळपास दहापट. लोकसंख्या मात्र वीस-बावीस लाखांच्या घरात आहे, आणि 2011 च्या जनगणनेत एकट्या गोव्यातच 14.58 लाख माणसे मोजली गेली होती. हे दोन आकडे शेजारी लिहिले की त्या देशातील वस्ती किती विरळ आहे ते मुलांना न सांगता कळते. त्यातही सुमारे पाव लोकसंख्या एकट्या बिसाऊ शहरात एकवटलेली आहे.

मग नद्या काढाव्यात. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना काशेऊ, मान्सोआ, जेबा आणि जेबाला येऊन मिळणारी कोरुबाल एवढ्या चार पुरेशा आहेत. जेबाच्या रुंद मुखाशी बिसाऊ वसलेले आहे, जसे मांडवीच्या मुखाशी पणजी. येथे एक फरक लगेच नोंदवावा लागतो. आपल्या पाठीशी सह्याद्री उभा आहे आणि त्यातले सोनसोगर हे शिखर 1,166 मीटर उंच आहे. गिनी-बिसाऊमध्ये आग्नेयेकडील सर्वांत उंच भागही तीनशे मीटरच्या आसपासच थांबतो. जमीन इतकी सपाट असल्यामुळे समुद्राचे खारे पाणी नद्यांमधून देशाच्या आत फार दूरवर शिरते.

पहिला नकाशा ओहोटीचा झाला. आता त्याच कागदावर निळ्या रंगाने भरतीचा नकाशा काढावा. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक ढोबळमानाने दोन मीटरचा असतो. बिसाऊच्या परिसरात मोठ्या भरतीला तो पाच मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे मैलोन्‌मैल पसरलेले चिखलाचे पट्टे आणि कांदळवने दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात व दोनदा उघडी पडतात. 36,125 चौरस किलोमीटरपैकी सुमारे 28,000 चौरस किलोमीटर एवढीच जमीन म्हणून गणली जाते, हा आकडा निळा रंग भरल्यानंतरच खऱ्या अर्थाने पटतो. आमच्या वाचनालयातील एका मुलीने निळा रंग भरून झाल्यावर विचारले होते की मग या देशात रस्ता बांधायचा तरी कुठून? हा प्रश्न जिला पडला तिला पुढचे अर्धे प्रशासन समजले असे मी मानतो, कारण पावसाळ्यात दक्षिणेकडील अनेक गावांचा राजधानीशी संपर्क आजही होडीवरच अवलंबून असतो.

नकाशाच्या पश्चिमेला बिजागोश द्वीपसमूहाचे ठिपके द्यावेत. तेथे ऐंशीहून अधिक बेटे आहेत आणि त्यांपैकी जेमतेम वीसेक बेटांवर कायमची वस्ती आहे. पोइलाव या लहानशा बेटावर हिरवी समुद्री कासवे फार मोठ्या संख्येने अंडी घालायला येतात, तर ओरांगो बेटावर खाऱ्या पाण्यात उतरणारे पाणघोडे आहेत. 1996 मध्ये युनेस्कोने या द्वीपसमूहाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि 2025 मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मोरजी आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारी माणसे ज्यांच्या ओळखीची आहेत, त्यांना या बेटांचे मोल वेगळे समजवावे लागत नाही.

हवामानासाठी फार वेळ घालवू नये. देश अकरा ते साडेबारा अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे, गोवा पंधरा अंशांवर. तेथेही जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतो. हिवाळ्यात सहारा वाळवंटाकडून हरमटान नावाचा कोरडा, धुळकट वारा वाहतो, तेवढे वेगळेपण लिहून घ्यावे. बिसाऊचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते.

खाजनाच्या बांधावर उभे राहून बोलान्या समजून घ्यावी

येथे मात्र घाई करू नये. गिनी-बिसाऊच्या किनारपट्टीवर कांदळवने तोडून, खाऱ्या पाण्याला बांध घालून तयार केलेल्या भातजमिनीला ‘बोलान्या’ म्हणतात. गोव्यातील माणसाला ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. दिवाडी, चोडण, शिरोडा, कुंभारजुवे, कुठलेही जवळचे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन, गाठावे आणि मानशीपाशी, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याच्या दारांपाशी, जाऊन अर्धा दिवस बसावे. ओहोटी लागली की आतले पाणी लाकडी दारे ढकलून बाहेर पडते; भरती चढू लागली की तीच दारे नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. खारे पाणी बाहेर, गोडे पाणी आत, आणि मध्ये माणसाने राखलेला मातीचा बांध: या एका तत्त्वावर कोरगुटाचे भात आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके पिकवले. नेमक्या याच तत्त्वावर अटलांटिकच्या काठी बालांता शेतकऱ्यांनी भात पिकवले, आणि या दोन समाजांनी हे एकमेकांकडून शिकल्याचा कोणताही पुरावा नाही.

तपशिलात जाऊन तुलना करावी. बालांता गावातले पुरुष समवयस्कांच्या टोळ्या करून कामाला उतरतात. त्यांचे मुख्य अवजार म्हणजे माणसाच्या उंचीहून लांब दांड्याचे, लाकडी पात्याला लोखंडी धार बसवलेले फावडे. त्याने जड चिखल कापून, उचलून, उलटा टाकत ते उंच वरंबे घालतात आणि त्या वरंब्यांवर पावसाळ्यात रोपांची लावणी होते, जी बहुतांशी स्त्रिया करतात. नवा बांध घातल्यावर लगेच पेरणी करता येत नाही, कारण मातीतील मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावे लागतात. पाणी सोडण्यासाठी मानशीऐवजी ताडाच्या जातीच्या झाडाचे पोकळ केलेले खोड बांधातून आरपार बसवतात आणि त्याचे तोंड आळीपाळीने बुजवतात व उघडतात. कांदळवनाच्या चिखलाचा एक धोकाही आहे: तो पूर्ण वाळू दिला तर त्यातील गंधकाची संयुगे हवेच्या संपर्कात येऊन माती आम्लधर्मी बनते आणि पीक जळते. म्हणून पाणी किती बाहेर सोडायचे आणि किती राखायचे, हा निर्णय तेथे फार जाणतेपणाने घ्यावा लागतो, आणि तो निर्णय एकट्याचा नसून सगळ्या गावाचा असतो, कारण बांध एका ठिकाणी फुटला तर नुकसान सर्वांचे होते. आपल्याकडेही खाजनाचा बांध एकट्याने कधी राखला नाही. तो गावकारीने, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेने, आणि कुळांनी मिळून राखला. जेथे ती एकजूट सुटली तेथे बांध फुटले आणि शेतात कांदळ उगवले. बिसाऊकडे तरुण निघून गेल्यामुळे तेथील कित्येक बोलान्यांची गत तशीच झाली आहे.

या भागाची नोंद लिहिताना विद्यार्थ्याला दोन चित्रे काढायला लावावीत, एक मानशीचे आणि एक खोडाच्या नळाचे. पाठांतराने जे दहा दिवसांत बसत नाही ते एका चित्रात बसते.

माणसे: यादी पाठ करू नये, कामावरून ओळख करून घ्यावी

गिनी-बिसाऊमध्ये वीसहून अधिक जमाती आहेत आणि कोणतीही एक जमात बहुसंख्य नाही. फुला आणि बालांता या दोन सर्वांत मोठ्या. त्यांच्यामागून मांदिंगा, पापेल, मांजाको, मांकान्या, बियाफादा आणि बिजागो येतात. ही नावे क्रमाने पाठ केली तर आठवड्यात विसरली जातात. त्याऐवजी नकाशावर कोण कुठे राहतो आणि काय करतो ते लिहावे. पूर्वेकडील कोरड्या माळावर, बाफाता आणि गाबू प्रांतांत, गुरे राखणारे फुला आणि शेती व व्यापार करणारे मांदिंगा आहेत. हे दोन्ही समाज मुख्यतः मुस्लिम आहेत. मांदिंगांचे काबू नावाचे राज्य कित्येक शतके या प्रदेशावर होते आणि एकोणिसाव्या शतकात फुला सैन्याने त्याचा पाडाव केला, हे गाबू नावाकडे पाहताना आठवावे. किनाऱ्याकडे भातशेती करणारे बालांता आहेत, बिसाऊच्या परिसरात पापेल, वायव्येला मांजाको आणि बेटांवर बिजागो. किनाऱ्यावरील या समाजांत ख्रिस्ती धर्म आणि पूर्वजांची उपासना दोन्ही शेजारी नांदतात.

दुसरी नोंद सत्तेच्या स्वरूपाची करावी, कारण तिचा उपयोग पुढे राज्यकारभार समजताना होतो. फुला आणि मांदिंगा समाजांत सरदार, प्रमुख अशी उतरंड होती. बालांता समाजात मात्र राजाच नव्हता. वयाने ज्येष्ठ असलेल्यांची सभा निर्णय घेत असे. पोर्तुगिजांनी जेव्हा प्रमुखांमार्फत कारभार चालवायचे ठरवले, तेव्हा ज्यांच्यात प्रमुखच नव्हता त्यांच्यावर बाहेरचा प्रमुख लादला गेला, आणि त्यातून निर्माण झालेला राग पुढे स्वातंत्र्ययुद्धात उतरला. बिजागो समाजात स्त्रियांचे स्थान लक्षणीय आहे. ओरांगो बेटाची राणी ओकिंका पांपा, जी 1930 मध्ये वारली, तिचे नाव आजही देशभर आदराने घेतले जाते.

आपल्या गावातील महिलांची भिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तेथील ‘अबोता’ अवश्य समजून घ्यावी. ठरलेली रक्कम दर वेळी प्रत्येकीने टाकायची आणि पाळीपाळीने एकेकीने उचलायची, ही पद्धत बिसाऊच्या बांदी बाजारात मासळी आणि भाजी विकणाऱ्या स्त्रियाही पाळतात. बँकेचे दार ज्यांच्यासाठी उघडत नाही त्यांचा व्यापार या विश्वासावर उभा आहे.

भाषा: आपल्या घरातल्या शब्दांपासून

देशाची राजभाषा पोर्तुगीज आहे, परंतु ती घरात बोलणारे फारच थोडे आहेत. बाजारात, रेडिओवर, निवडणुकीच्या सभेत चालते ती क्रिओल भाषा. तिचा शब्दसाठा बहुतांशी पोर्तुगीजमधून आला आहे आणि घडण आफ्रिकन भाषांच्या सहवासात झाली आहे. गोव्यातील वर्गात हा पाठ फार रंगतो. मुलांना घरात सापडणारे पोर्तुगीज मुळाचे शब्द गोळा करायला सांगावेत: साबण, चावी, काजू, पगार, लिलाव, मेस्त्री, आणि गोव्यातले खास असे जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), पोदेर (पाववाला). मग त्यांपैकी काही क्रिओलमध्ये पाहावेत. साबणाला तेथे ‘साबोन’ म्हणतात आणि खुर्चीला ‘कादेरा’. सर्वांत जवळचा शब्द मात्र कार्निव्हालचा आहे. आपले जुने लोक त्याला ‘इंत्रूज’ म्हणतात. बिसाऊत त्याला ‘न्तुरुदू’ म्हणतात. दोन्ही शब्द ‘एन्त्रुदू’ या एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले. ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासाआधीच्या त्याच दिवसांत पणजीत चित्ररथ निघतात आणि बिसाऊत प्रत्येक जमात आपापल्या पोशाखात उतरते, बिजागो तरुण बैलाचे आणि शार्क माशाचे मुखवटे चढवून नाचतात.

तुलना कुठे थांबवायची हेही येथेच शिकवावे. गोव्यात मराठीला आणि कोकणीला पोर्तुगिजांच्या आधीपासून लेखी परंपरा होती आणि नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांतील, गावांतून मराठी शाळा चालत राहिल्या. गिनीत बहुसंख्य लोकांना कायद्याने ‘इंदिजेना’ या वर्गात टाकले होते, त्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते, आणि शिक्षणाची सोय नगण्य होती. 1961 पर्यंत हा भेद कायद्यात होता. ‘आपल्यासारखीच त्यांचीही गत होती’ असे सरसकट म्हणणे म्हणून चुकीचे आहे. त्यांनी सोसलेले अधिक होते, आणि काशेऊच्या धक्क्यावरून गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेल्या माणसांचा इतिहास तर आपल्या तुलनेच्या पलीकडचा आहे.

इतिहासाच्या दोन रकान्यांत दोन्हीकडची वर्षे लिहावीत

वहीचे पान मधोमध दुमडावे. डावीकडे गोवा, उजवीकडे गिनी-बिसाऊ. डावीकडे पोर्तुगिजांनी गोवा घेतला ते 1510 लिहिले की उजवीकडे 1446 येते, ज्या सुमारास पोर्तुगीज खलाशी या किनाऱ्यावर पोहोचले, आणि 1588, जेव्हा काशेऊची वसाहत उभी राहिली. परंतु देशाच्या आतील भागावर पोर्तुगिजांचा खरा ताबा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील लष्करी मोहिमांनंतरच बसला, हे ठळक अक्षरांत लिहावे. राजधानी आधी बोलामा बेटावर होती आणि 1941 मध्ये ती बिसाऊला हलवली गेली.

त्यानंतर दोन्ही रकाने भराभर भरतात. 1951 मध्ये पोर्तुगालने सर्व वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले, गोव्यालाही आणि गिनीलाही. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. 3 ऑगस्ट 1959 रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेक जण ठार झाले. एप्रिल 1961 मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांची परिषद भरली. त्या चळवळीत गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा यांचा पुढाकार होता आणि अमिल्कार काब्राल यांच्यासारखे आफ्रिकन नेते त्यांचे सहकारी होते. त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि जानेवारी 1963 मध्ये गिनीत सशस्त्र लढ्याला तोंड फुटले.

अमिल्कार काब्राल यांच्यासाठी एक स्वतंत्र पान राखून ठेवावे. त्यांचा जन्म 1924 मध्ये बाफाता येथे झाला, ते लिस्बनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि 1953 मध्ये वसाहत सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी गिनीची शेतीगणना केली. गावोगाव फिरून कोणती जमात काय पेरते, किती जमीन कसते, बांध कसा घालते हे त्यांनी मोजले, आणि 1956 मध्ये पीएआयजीसी हा स्वातंत्र्यासाठी लढणारा पक्ष स्थापन करताना त्यांना आपला देश जमिनीच्या अंगाने ठाऊक होता. मी ज्या क्रमाचा आग्रह धरतो, आधी पाणी व शेत आणि मग राजकारण, तो क्रम मला त्यांच्या चरित्रातून सापडला. 20 जानेवारी 1973 रोजी कोनाक्रीत त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला मादिना दु बोए या दुर्गम भागात त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली.

आता पानाच्या तळाशी दोन्ही रकाने जोडणारी एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर 25 एप्रिल 1974 लिहावे. त्या दिवशी लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली. त्यानंतर पोर्तुगालने 10 सप्टेंबर 1974 रोजी गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली आणि 31 डिसेंबर 1974 रोजी भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. एकाच घटनेची ही दोन फळे चार महिन्यांच्या आत आली आहेत, आणि हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे असे मला मनापासून वाटते.

राज्यकारभाराचे पान पेन्सिलीने लिहावे

या पानावर दोन थर ठेवावेत. पहिला थर शाईने लिहिण्याचा, म्हणजे राज्यघटनेचा. 1984 ची राज्यघटना 1990 च्या दशकात दुरुस्त होऊन बहुपक्षीय लोकशाही आली आणि 1994 मध्ये पहिल्या बहुपक्षीय निवडणुका झाल्या. त्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष थेट जनतेकडून पाच वर्षांसाठी निवडला जातो. संसदेचे एकच सभागृह आहे, त्याला राष्ट्रीय जनसभा म्हणतात आणि तिच्या 102 जागा आहेत. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, पण ती संसदेतील बलाबल पाहून करावी लागते. प्रशासनासाठी बाफाता, बियोंबो, बोलामा, काशेऊ, गाबू, ओइओ, किनारा आणि तोंबाली असे आठ प्रांत आहेत आणि बिसाऊ शहर स्वायत्त विभाग आहे. प्रांतांचे गव्हर्नर केंद्रातून नेमले जातात. आपल्या पंचायतीसारखी लोकांनी निवडलेली स्थानिक सत्ता तेथे रुजलेली नाही, त्यामुळे सगळी चढाओढ राजधानीतील एका खुर्चीभोवती फिरते.

विद्यार्थी येथे राष्ट्राध्यक्षाची तुलना आपल्या राज्यपालांशी करतात, ती तत्काळ दुरुस्त करावी. आपले राज्यपाल लोकांकडून निवडून येत नाहीत. तेथे राष्ट्राध्यक्षालाही जनतेचा कौल असतो आणि पंतप्रधानालाही संसदेतील बहुमताचा आधार असतो. दोघे वेगळ्या गटांचे निघाले की कोणीच मागे हटत नाही, आणि या पेचात लष्कर तिसरा पक्ष बनून उभे राहते. ते लष्कर मुक्तिसेनेतूनच घडलेले असल्यामुळे देश आपणच स्वतंत्र केला, ही भावना त्याच्यात खोल आहे. हा दुवा समजला म्हणजे पुढील तारखा नुसत्या तारखा राहत नाहीत: 1980 मध्ये जुवाव बेर्नार्दो व्हिएरा यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष लुईश काब्राल यांना दूर केले, 1998-99 मध्ये यादवी युद्ध झाले, 2003 मध्ये कुंबा यला यांना हटवले गेले, 2009 मध्ये पुन्हा निवडून आलेल्या व्हिएरा यांची हत्या झाली, 2012 मध्ये आणखी एक उठाव झाला. जुझे मारियू व्हाझ यांनी 2014 ते 2019 अशी मुदत पुरी केली, आणि निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने ती पुरी करण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसरा थर पेन्सिलीचा: सध्या कोण पदावर आहे. ही नोंद करताना शेजारी महिना व वर्ष अवश्य लिहावे. नोव्हेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, आणि निकाल जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली; माझ्या वहीतले ते पान मला एका आठवड्यात खोडून पुन्हा लिहावे लागले.

कायद्याच्या बाबतीत एक तपशील गोव्यातील विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना आवडेल. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता आपल्याकडे कौटुंबिक बाबतीत अजून लागू आहे. पोर्तुगालने स्वतः 1966 मध्ये नवी संहिता केली, परंतु तोवर गोवा मुक्त झाला होता. गिनी-बिसाऊला मात्र ती नवी संहिता मिळाली आणि स्वातंत्र्यानंतरही तिने ती ठेवली.

शेवटी पुन्हा काजूपाशी यावे

अर्थव्यवस्थेसाठी मोठे तक्ते लागत नाहीत. काजू पुरे आहे. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणले आणि आफ्रिकेतही नेले. गिनी-बिसाऊमध्ये त्याची प्रचंड लागवड 1980 च्या दशकापासून झाली, आणि आज देशाच्या निर्यात उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग न फोडलेल्या काजू बीपासून येतो. ही बी मुख्यतः भारतात आणि व्हिएतनाममध्ये जाते. बी फोडणे, सोलणे, प्रतवारी करणे या कामांची मजुरी त्यामुळे तेथील माणसाच्या हाती पडत नाही. चलन 1997 पासून सीएफए फ्रँक आहे. ते आठ देशांचे मिळून एक असून त्याचा युरोशी दर बांधलेला आहे, तेव्हा बीचा भाव जगात घसरला तरी चलनाचे मूल्य स्वतः ठरवण्याची मोकळीक देशाला नाही.

घराघरांत हे कसे उतरते ते विद्यार्थ्यांना एका उदाहरणाने दाखवावे. मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत बायका व मुले बागेत बोंडू वेचतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडांच्या रसाचे मद्य काढतात. हे दृश्य सत्तरी किंवा पेडण्यातल्या कोणत्याही काजूमळ्यासारखेच आहे. मग व्यापारी येतो आणि पुष्कळदा पैशांऐवजी तांदळाची पोती देतो. भाव चांगला असला तर एका पोत्या बीला पुरेसा तांदूळ येतो. भाव पडला तर नव्या भाताच्या कापणीआधीचे पावसाळ्याचे महिने कसे काढायचे हा प्रश्न उभा राहतो, कारण बोलान्या ओस पडल्यामुळे घरचा तांदूळ पुरत नाही. सरकार दर हंगामाच्या सुरुवातीला किमान भाव जाहीर करते; तो गावात प्रत्यक्ष मिळतो की नाही यावर त्या वर्षीचे राजकारणही ठरते.

हंगाम संपल्यावर, जून-जुलैत, विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या काजू कारखान्यात जावे. मालकांची आधी परवानगी घ्यावी, भट्टीपासून मुलांना दूर ठेवावे आणि न भाजलेल्या बीला हात लावू देऊ नये, कारण तिच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते. पोत्यांवरील अक्षरे मुलांनी वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. बी आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाची असू शकते. नाव बिसाऊचे निघाले तर त्याच जागी बसून, स्वतः काढलेल्या नकाशावर जेबाचे मुख शोधावे आणि तेथपासून मुरगाव बंदरापर्यंतची रेघ पेन्सिलीने पुरी करावी.